घाटातली झोप

आमच्या घरमालकांनी खोल्या भाड्यानं देण्याआधी माझे पाय बघितले.

सिडकोत भाड्यानं घर शोधणं म्हणजे काय असतं हे ज्यानं शोधलंय त्यालाच ठाऊक. आधी आडनाव विचारतात. आडनावावरून काही कळलं नाही तर गाव विचारतात. मग अंडी खाता का, पाहुणे किती येतात, मिस्टर कुठं असतात, नळाला पाणी येईल त्या दिवशी घरी कोण थांबणार. मी सगळी उत्तरं पाठ करून गेले होते. आणि ह्या गृहस्थांनी दार उघडलं, माझ्या चपलांकडं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, टाच जागेवर ठेवून चवडा डावी-उजवीकडं फिरवून दाखवा बरं."

मला वाटलं, चुकीच्या दारात आले. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "दाखव माय, दाखव. त्याशिवाय चहा व्हायचा नाय इथं."

दाखवला फिरवून. करते काय! काका चष्मा कपाळावर चढवून, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "घोटा मोकळा आहे. कधी येता राहायला?" माझं आडनाव त्यांना पुढं कितीतरी दिवस माहीत नव्हतं.

काका एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. कुठल्या ते सांगत नाही, कारण रस्त्यांचा विषय निघणार आहे. खड्ड्यांबद्दल त्यांच्या तोंडून कधी चकार शब्द निघाला नाही. बाकीचं शहर सकाळी उठल्यापासून खड्ड्यांच्या नावानं खडे फोडायचं, आणि काका शांतपणे म्हणायचे, "रस्ता आपल्या हातात नसतो, मॅडम. पाय आपले असतात." नोकरीत असतानाही हेच म्हणत असावेत.

त्यांना जगात एकच गोष्ट महत्त्वाची वाटायची. चालत्या गाडीचा गियर उतरवणं. चढवण्याबद्दल त्यांना अजिबात आदर नव्हता. "वरचा गियर कुणीबी टाकतो. खालचा टाकताना माणूस कळतो," असं ते म्हणायचे, आणि माणसांचे हिशेबही तसेच लावायचे. सोसायटीच्या बैठकीत टँकरवरून भांडण पेटलं आणि चेअरमन तावातावानं बोलायला लागले की टेबलाखाली काकांचा डावा पाय हळूच दाबला जायचा. शेजारच्या खुर्चीवर मी असायचे, मला दिसायचं. चेअरमनना ते मनातल्या मनात दुसऱ्या गियरवर आणायचे. चेअरमन कधी आले नाहीत, ते सोडा.

तंत्र असं. गाडी वेगात आहे आणि पुढं वळण आलं. तुम्ही-आम्ही काय करतो? ब्रेक दाबतो, क्लच दाबतो, तिसऱ्याचा दुसरा करतो आणि क्लच देतो सोडून. गाडी आचका खाते, मागं बसलेल्याचं कपाळ पुढच्या सीटला लागतं, आपण म्हणतो, "सॉरी हां." काकांच्या मते हा गुन्हा. चाकं जोरात फिरतायत, इंजिन सावकाश फिरतंय, आणि तुम्ही दोघांची एकदम गाठ घालून दिली तर दणका बसणारच. म्हणून डाव्या पायानं क्लच दाबलेला असताना उजव्या पायानं दोन कामं करायची. चवड्यानं ब्रेक धरून ठेवायचा, आणि त्याच पावलाची बाहेरची कड वळवून हलकीशी रेस द्यायची. इंजिनचा वेग चाकांना जुळला की मगच क्लच सोडायचा. "आधी जुळवा, मग सोडा," हे त्यांचं पालुपद.

शर्यतीत गाड्या पळवणारे लोक असं करतात म्हणे. काका ते औरंगपुऱ्यात मेथी आणायला जाताना करायचे. त्यांची गाडी चाळिसाच्या वर गेलेली कुणी पाहिलेली नाही. पण चाळिसाच्या आतही गियर उतरवावा लागायचाच, आणि तो ते जुळवूनच उतरवायचे.

ह्या पायी त्यांच्या उजव्या बुटाची बाहेरची कड कायम झिजलेली. डावा बूट नवा कोरा, उजव्यातून करंगळी बाहेर. देवळाबाहेर शंभर जोड पडलेले असू देत, काकूंना त्यांचा जोड लांबूनही दिसायचा. टीव्ही सेंटरजवळच्या चांभारदादांनी एकदा विचारलं, "साहेब, तुम्ही एकाच पायानं चालता का?" काकांनी तिथंच रस्त्याच्या कडेला बसून त्यांना सगळं समजावून सांगितलं. दादांनी तोवर तिघांच्या चपला शिवल्या.

बरं, एवढ्यावरही भागायचं नाही. ते क्लच दोनदा दाबायचे. एकदा दाबून न्यूट्रल, मग सोडून रेस, मग परत दाबून खालचा गियर. जळगाव रोडवर एक गॅरेजवाले चाचा होते, त्यांच्याकडं काका दर महिन्याला गाडी घेऊन जायचे. गाडी धडधाकट असायची. चाचा एकदा वैतागले. म्हणाले, "अंकल, ये पुरानी लॉरी का काम है. इस गाडी में गियर खुद मिल जाता. दो-दो बार कायकू दबाते?"

काका म्हणाले, "चाचा, किसी के घर जाते तो दरवाजा खटखटाते ना?"

"हौ."

"खुला रहा तो भी?"

"हौ, वो तो तहजीब है."

"बस. हो गया."

चाचांनी हात पुसत माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "तहजीब में क्लच प्लेट जल्दी घिसती, मॅडम."

ह्या साऱ्या विद्येची कसोटी म्हणजे काकूंची झोप. काकू सिल्लोडकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. बोलायला फटकळ, हाताला सढळ. पण गाडीत बसल्या की शहराच्या वेशीवरचं हर्सूल यायच्या आत झोपलेल्या. पदर कानामागं, हात मांडीवर, ओठ मिटलेले. काका मला मागं वळून दाखवायचे, "बघितलं? आत्ता चौथ्याचा तिसरा केला, तिसऱ्याचा दुसरा केला. पापणी हलली का? तीस वर्षं झाली, मॅडम. अजून एकदाबी उठली नाय." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की बघणाऱ्यानं टाळ्याच वाजवाव्यात. त्यांनी नियमच करून टाकला होता, "ज्या दिवशी तुमच्या गाडीत घाट उतरताना माणूस झोपेल, त्या दिवशी तुम्हाला गाडी आली. लायसनबियसन सरकारचं असतंय."

स्वतः काका मात्र दुसऱ्याच्या गाडीत आयुष्यात झोपले नाहीत. आणि घरी झोपले तरी घोरत नाहीत, असा त्यांचा दावा. ह्यावरून नवरा-बायकोत कायम जुंपलेली. "नीट राखलेलं इंजिन आवाज करत नसतंय," असं ते म्हणायचे आणि काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. मी भिंतीपलीकडं राहायचे. इंजिन आवाज करायचं.

आता त्या लग्नाचं सांगते. आमच्याकडं एक रीतच आहे. घाट लागला की गाडी न्यूट्रल करायची आणि उतारावर सोडून द्यायची. का? तर पेट्रोल वाचतं. मोठमोठ्या गाड्यांतली, गळ्यात साखळ्या घातलेली माणसं हे करतात. नुसत्या ब्रेकवर गाडी खाली येते, ब्रेक तापून जळका वास सुटतो, आणि ह्यांना वाटतं शेजारच्या ट्रकचा वास आहे. काकांचा ह्या लोकांवर फार राग. आणि त्यांचा सख्खा मेहुणा त्यातलाच निघाला.

काकूंच्या भाच्याचं लग्न होतं, घाटाखाली फर्दापूरला. मेहुण्यानं नवी मोठी गाडी घेतली होती, तीत काका-काकूंना मानानं बसवलं. घाटाच्या तोंडाशी त्यानं गियरची दांडी मधे आणून सोडली आणि खुशीत म्हणाला, "बघा दाजी, आता फर्दापूरपर्यंत फुकट."

"गाडी थांबव."

"काय झालं दाजी? मळमळतंय का?"

"थांबव. मी चालत येतो."

आणि उतरले की! मे महिन्याचं ऊन, अंगात कोट, डोक्याला फेटा. निघाले घाट उतरायला. वऱ्हाडाची एकेक गाडी त्यांच्यापाशी थांबायची, ते हात करून पुढं जा म्हणायचे. झालं, मांडवात बातमी पोचली, जावई रुसले! आता जावई रुसला म्हटल्यावर कारण कोण विचारतंय? मानपान राहिला असणार, दुसरं काय. चार जाणती माणसं उपरणं, नारळ आणि थंडगार सरबताची बाटली घेऊन घाटात उलटी आली. काकांनी त्यांना रस्त्याच्या कडेला उभं करून इंजिनच्या ब्रेकचं, म्हणजे गियरमधलं इंजिनच उतारावर गाडी आवरून धरतं ह्याचं, महत्त्व सांगितलं. ती माणसं हात जोडून म्हणत होती, "व्हय व्हय, चुकलंच आमचं, दाजीसाहेब. पण आता जेवायला चला." खांद्यावर उपरणं पडलं तेव्हा काकांना वाटलं, पटलं लोकांना.

मी काकूंना विचारलं, "तुम्ही नाही उतरलात?"

"मी कशाला उतरू माय? मी झोपले होते."

हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण मी तेव्हा माझ्याच विवंचनेत होते.

विवंचना अशी. आमच्या संस्थेची एक शाळा सोयगावला आहे. तिथं मुख्याध्यापिका म्हणून माझं नाव निघालं. इतकी वर्षं खडू खाल्ल्यावर निघालं. पण लेकीची दहावी इथं, तिला सोडून कायमचं तिकडं जाता येईना. नवरा नोकरीला पुण्यात. तिकडं राहून आठवड्यातून दोनदा घरी येऊन-जाऊन करायचं तर एसटीच्या वेळा जुळेनात, म्हणजे गाडी आली. गाडी आली म्हणजे अजिंठ्याचा घाट आला. आणि शाळा उघडेल त्या दिवशी मी हजर झाले नाही तर सेवाज्येष्ठतेत माझ्यानंतरचे सर टपूनच बसलेले. स्टाफरूममध्ये सांगत फिरायचे, "मॅडमना घाट झेपायचा नाही हो." सोयगावच्या ऑफिसला पडदे कुठल्या रंगाचे शोभतील, इथवर त्यांची तयारी झाली होती. माझं असं डोकं फिरायचं!

लायसन माझ्याकडं होतं. पण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कसं असतं, क्लच-ब्रेक शिकवणाऱ्याच्याही पायाशी असतात. मी आपली स्टिअरिंग धरून बसायचे आणि तो मोबाईलवर बोलत बोलत सगळी गाडी चालवायचा. महिनाभरात त्याचा हात चांगला बसला. मी होते तिथंच. नवरा फोनवर म्हणाला, "नकार देऊन टाक ना, कशाला डोक्याला ताप?" मी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी दार वाजवलं. म्हणाले, "मॅडम, काल तुम्ही मिस्टरांशी न जुळवताच सोडलं. भिंत पातळ आहे. या जिन्याखाली, शिकवतो."

जिन्याखाली त्यांची फळी होती. भंगारातून तीन पेडलं आणून, स्प्रिंगा लावून ठोकलेली. समोर प्लास्टिकची खुर्ची. गाडी नाही, स्टिअरिंग नाही, नुसते पाय. काका समोर उकिडवे बसून तोंडानं इंजिन चालवायचे. "हूंऽऽऽ... वळण आलं! ब्रेक! क्लच! कड वळवा, कड! रेस! हूंऽऽ... हां, सोडा आता. गेलं! मागचा माणूस आपटला." दूधवाला थांबून बघायचा. पलीकडच्या गच्चीवरच्या बायका कपडे वाळत घालायचं सोडून बघायच्या. शाळेत ज्या बाईला पोरं टरकून असतात ती बाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हवेतली गाडी हवेतल्या घाटातून उतरवतेय! लेकीनं तर मैत्रिणींना घरी आणणंच बंद केलं.

मग त्यांची खरी गाडी, हर्सूलच्या पुढचा रस्ता. रोज सकाळी. मी आचके द्यायचे, काका डॅशबोर्डला हात लावून बसायचे. ओरडले कधी नाहीत. चुकलं की "नाही," आणि जमलं की "हं." खोटं कौतुक त्यांच्याकडून मरेस्तोवर मिळालं नसतं. एकदा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अहो काका, बरं म्हणा की एकदा, मनाला उभारी येते." तर म्हणाले, "तुमच्या मनाला येईल. गियरबॉक्सला येणार नाय." गियरच्या बाबतीत ते देवाशीही खोटं बोलले नसते.

ह्याच दिवसांत त्यांचा डावा गुडघा गेला. म्हणजे आधीपासूनच जात होता, आता लपवता येईना. जिना चढताना कठडा धरायचे आणि विचारलं की म्हणायचे, कठड्याचा रंग बघतोय. काकूंनी ओढून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर हसत म्हणाला, "गियरची गाडी सोडा आता. ऑटोमॅटिक घ्या, तीत डाव्या पायाला कामच नसतं." त्यानं आपलं सोय म्हणून सांगितलं. पण माणसाला तोंडावर बेकार म्हणावं तसा काकांचा चेहरा झाला, असं काकू सांगत होत्या. त्या दिवशी संध्याकाळी ते एकटेच फळीसमोर बसून क्लच दाबत होते. तोंडानं इंजिन चालवत नव्हते. मला ते बघवलं नाही.

मेच्या अखेरीस काका म्हणाले, "परीक्षा घेतो. सोयगावपर्यंत जाऊन येऊ. आधी घाट मी उतरून दाखवतो, तुम्ही मागं बसून पाय बघा. मग वर येऊन तुम्ही उतरा. मी नाही म्हटलं तर संस्थेला नकार कळवा. घाटात माझ्या भरवशावर मरू नका." मी कबूल केलं. मला तरी दुसरं कोण खरं सांगणार होतं?

निघालो. काकांच्या शेजारी काकू, मांडीवर दशम्यांचा डबा. मी मागं. हर्सूल गेलं, काकू झोपल्या. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. सिल्लोडला काकूंचं माहेर जवळ, पण त्यांनी डोळा उघडला नाही. काका दर वळणाला गियर उतरवायचे आणि आरशातून मला भुवई उडवून दाखवायचे. गुडघा दुखत होता हे मला मागून कळत होतं, कारण क्लच दाबताना त्यांचा डावा खांदाही खाली जायचा.

अजिंठा गाव आलं. स्टँडपाशी गर्दी, पुढं मक्याची पोती लादलेला ट्रॅक्टर, तो मधेच थांबला. काकांनी ब्रेक धरला, क्लच दाबला, कड वळवली, दुसरा टाकला, आणि डावा पाय अर्ध्यातच क्लचवरून निसटला.

असा आचका बसला की बास. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. डबा उडून खाली पडला, दशम्या पायाशी पसरल्या. गाडी बंद. मागून हॉर्न सुरू.

आणि काकू झोपलेल्या. डोळे मिटलेले, हात मांडीवर, पदर जागच्या जागी.

काका त्यांच्याकडं बघत राहिले. माणूस विक्षिप्त होता, पण खुळा नव्हता.

"अगं," ते म्हणाले.

काकू हलल्या नाहीत.

"अगं, डबा पडला."

"मग उचला की," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या.

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच कळलं. एक डोळा उघडला, मग दुसरा. माझ्याकडं वळून बघितलं, जशी काही मी सोडवणारच होते! मी खिडकीबाहेर बघायला लागले.

काकांनी गाडी चालू करून पहिल्या गियरमध्ये कशीबशी कडेला घेतली. मग विचारलं, "कधीपासून जागी आहेस?"

"पहिल्यापासूनच."

"हर्सूलपासून?"

"गाडी घेतली तवापासून."

"तीस वर्षं?"

"मग काय करू माय?" काकू एकदम उसळल्या. "डोळे उघडे दिसले की तुम्ही सुरू! ही बघ टाच, हा बघ चवडा. घाटात माझा जीव खालीवर व्हायचा, आणि तुम्ही म्हणणार माझ्या पायाकडं बघ. रस्त्याकडं बघा की म्हणलं तर तुम्हाला राग. मग म्हणलं, मिटलेले बरे."

"म्हणजे तुला भीती वाटायची? माझ्या गाडीत?"

काकूंनी डबा उचलला. वाकून दशम्या गोळा केल्या, एकेकीवरची धूळ फुंकरली. मग खाली बघूनच म्हणाल्या, "झोपले म्हणलं की तुम्ही लई खुश व्हायचे. लोकांना सांगायचे. मग माझ्याच्यानं ते मोडवलं नाय."

काका खाली उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली, चारी टायरांना लाथ मारून बघितली. टायर ठीक होते. लंगडत होते ते, आणि आज कठडाही नव्हता रंग बघायला.  एवढं एक प्रमाणपत्र होतं त्यांच्याकडं, तेही त्या ट्रॅक्टरच्या मागं निकालात निघालं.

मग त्यांनी माझं दार उघडलं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुढं बसा. मला मागं पाय लांब करता येईल."

गुडघ्याबद्दल ते बोलले ते एवढंच. आणि मला कळलं, आता दाखवणं-बिखवणं काही नाही. सरळ परीक्षाच.

घाट लागला. एका बाजूला रस्त्याचं काम, खडीचे ढीग, दुसऱ्या बाजूला दरी.  पुढं मालाचा ट्रक, समोरून वर चढणाऱ्या बसेस. पहिल्या वळणाला ब्रेक, क्लच, कड वळवून रेस, तिसऱ्याचा दुसरा. थोडा आचका बसलाच. मी "नाही" ऐकायची वाट बघितली. मागून काहीच आवाज नाही. त्या गप्प बसण्यानं तर मला आणखीच धडकी भरली. पडद्यांचा रंग निवडणारे सर डोळ्यांपुढं यायला लागले.

दुसऱ्या वळणाला जमलं. एक मोठी गाडी भर्रकन मला ओलांडून गेली, न्यूट्रलमध्येच असणार, कारण पुढच्या वळणाला तिचे लाल दिवे लागले ते लागलेच आणि जळका वास आत आला. एरवी काकांनी त्या माणसाचा उद्धार केला असता. आज तेही नाही.

आणि काकू! डोळे सताड उघडे. खिडकीला नाक लावून बसलेल्या. "अगं माय, केवढं खोल हाय हे! ही दरी इथंच होती का गं इतके दिवस?"

"काकू, माझ्याशी बोलू नका ना आत्ता."

"तू चालीव तुझी. मी आपली बघते."

शेवटचं अवघड वळण आलं आणि पुढचा ट्रक अचानक जवळजवळ थांबलाच. विचार करायला वेळच नव्हता. चवडा ब्रेकवर, डावा पाय क्लचवर, कड वळली, इंजिन हुंकारलं, दुसरा पडला, आणि क्लच असा सुटला की गाडीला कळलंही नाही. लोणी कापावं तसं. माझं मलाच खरं वाटेना. मी आरशात बघितलं, आता तरी "हं" म्हणतील म्हणून.

काका झोपले होते. मान सीटला टेकलेली, डोळे मिटलेले, हात मांडीवर.

"काकू," मी हळूच म्हटलं, "काका झोपले?"

काकूंनी मागं वळून निरखून बघितलं. मग माझ्याकडं वाकून अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "नाय गं. झोपलेल्या माणसाचं तोंड असं नीट मिटलेलं नसतंय. मला इचार ना त्यातलं."

पुढच्या छोट्या वळणाला मी परत क्लच दाबला, तेव्हा आरशात त्यांचा डावा खांदा किंचित खाली गेला.

गियरच्या बाबतीत देवाशीही खोटं न बोलणारा माणूस! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण रस्ता धूसर झाला म्हणून लगेच पुसलं.  डब्यातली एक दशमी काढून काकूंनी निम्मी मला भरवली.

फर्दापूरची घरं दिसायला लागली तसे काका हलले. आळस दिला, डोळे चोळले, इकडंतिकडं बघितलं. सगळं रीतसर केलं.

"आलं का फर्दापूर?" ते म्हणाले. "घाट कधी उतरला, मला कळलंसुद्धा नाय."

मी काकूंकडं बघितलं. काकू समोर रस्त्याकडं बघत होत्या.

"कसं कळणार?" त्या म्हणाल्या. "घाटभर घोरत होता की तुम्ही."

मी आरशात बघितलं. 

"असेल," काका म्हणाले.

पुढं सोयगावपर्यंत रस्ता सपाट होता. मी तिसरा टाकला.